आर्सेसियोची मोटारसायकल पास झाली

दुवानने धुराच्या नळकांड्यात यंत्राची नळी आणखी थोडी आत सारली, पडद्याकडे पाहिलं आणि हात वर केला.

“बस्स. बंद करा, काका.”

आर्सेसियोने किल्ली फिरवली. वाहन तपासणीच्या शेडभर निळसर धूर पसरला होता. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “नगरपालिकेची डासांची गाडी आली रे!” सगळे खिदळले. आर्सेसियोही थोडा हसला.

“ब्रेक बघितलेस, दिवे बघितलेस. हॉर्न तर पार चर्चपर्यंत ऐकू गेला असेल. मग?”

“ते सगळं ठीक आहे. पण धूर किती सोडते ही!”

“टू-स्ट्रोक आहे बाबा. नवी होती तेव्हापासून सोडतेय.”

“दरवर्षी कशीबशी निघायची. यंदा नाही निघत.” दुवान आवाज खाली आणून म्हणाला, “माझ्याकडे बघू नका असं. आकडा यंत्र घेतं आणि थेट बोगोताला पाठवतं. मी फक्त नळी धरतो. पंधरवड्यात परत आणा, पुन्हा तपासू.”

दुवानच्या डोक्यावरचं जावळ आर्सेसियोनेच उतरवलं होतं. तो गावोगावचा न्हावी. मोटारसायकलच्या मागे लाकडी पेटी बांधून डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर जायचं, ज्यांना खाली उतरणं होत नाही अशा म्हाताऱ्यांच्या दाढ्या अंगणात बसून करायच्या, कुणी अंडी देई, कुणी कॉफी, कुणी पैसे. असं त्याचं आयुष्य चाललं होतं. दोन वर्षांपूर्वी बायकोची, इस्मेनियाची, मूत्रपिंडं गेली. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी पेटी घरी राही आणि पेटीच्या जागी इस्मेनिया बसे. डोंगरातल्या एल मेसोनहून खाली गार्सोन शहरापर्यंत उतार, तिथे डायलिसिस, आणि पुन्हा चढ. जीप यायची ती मंगळवारी आणि बाजारच्या शनिवारी. तीही भरली की निघायची.

तपासणीचा दाखला नसेल तर पुलावरचे पोलीस गाडी उचलून नेत. एवढी जुनी गाडी त्यांच्या आवारात गेली की तिथेच गंजत राही.

तिबेरिओ मेकॅनिकने नळकांडं उतरवून जाळून साफ केलं, प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला. तरी धूर आपला होताच.

“एकच उपाय उरलाय,” तिबेरिओ हात पुसत म्हणाला. “पेट्रोलमध्ये ऑइल कमी घालायचं. अगदी वासापुरतं. ऑइल नाही तर धूर नाही.”

“आणि इंजिन?”

“इंजिन उपाशी राहतं. म्हणून सांगतो, नीट ऐक. सावकाश खाली उतरायचं, तपासणी करायची, आणि फाटकाबाहेर पडल्या पडल्या ही ऑइलची बाटली टाकीत रिकामी करायची. तशीच चढावर नेलीस तर पिस्टन चिकटेल. मग माझ्याकडे येऊ नकोस रडत.”

“मी काय पोर आहे का, उस्ताद?”

गुरुवारी त्याने इस्मेनियाला डायलिसिसला सोडलं आणि रांगेत जाऊन उभा राहिला. दुवानने नळी घातली. पडद्यावरचे आकडे चढले, थबकले आणि तिथेच थांबले. दुवानने पडद्याजवळ तोंड नेऊन पुन्हा एकदा पाहिलं.

“काका, काय पाजलंत हिला?”

“पवित्र पाणी.”

“पास!” दुवानने त्याच्या पाठीवर थाप मारली. “पुढल्या वर्षी मात्र नवी घ्या हं.”

“घेतो की. सोन्याची घेतो.”

दाखला खिशात घालून तो फाटकाबाहेर आला, गाडी कडेला लावली आणि बाटलीचं बूच फिरवायला लागला. तेवढ्यात फोन वाजला. नर्स बोलत होती. इस्मेनियाचा रक्तदाब एकदम उतरला होता, ती ओकत होती, त्याचं नाव घेत होती. लवकर या.

त्याने बूच होतं तसं आवळलं, बाटली खिशात कोंबली आणि किक मारली.

इस्मेनिया खाटेवर डोळे मिटून पडली होती. चेहरा राखेसारखा झाला होता. तो आत शिरल्याचं तिला पावलांवरून कळलं.

“म्हाताऱ्या, धूर झाला का आज?”

“नाही. पास झालो.”

“बघ, मी म्हटलं नव्हतं?” ती क्षीण हसली. “चल घरी. इथे औषधांचा वास डोक्यात चढतो.”

जरा बरं वाटेपर्यंत नर्सने तिला सोडलं नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा आर्सेसियोने तिला मागे बसवलं, तिचे हात आपल्या पोटाशी घेतले आणि ती घसरू नये म्हणून ते एका रुमालाने सैलसे बांधले. वाटभर त्याचं सगळं लक्ष त्या हातांकडे होतं. पुलावर पोलिसाने थांबवलं. त्याने ऐटीत दाखला काढून दाखवला.

“जा आजोबा. सांभाळून.”

चढ सुरू झाला. दुसऱ्या वळणानंतर इंजिनाचा आवाज बदलला. फटफट जाऊन कोरडी किरकिर ऐकू यायला लागली. ती ऐकताच त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला. बाटली होती. भरलेली. त्याने क्लच दाबेपर्यंत मागचं चाक अडकलं, गाडी फरफटत कडेला गेली आणि थांबली.

“काय झालं रे?”

“काही नाही. दमली.”

तो उतरला, तिचे हात सोडवले, तिला एका दगडावर बसवलं. मग इंजिनाजवळ उकिडवा बसला. तापलेल्या लोखंडाचा वास येत होता. त्याने टाकीचं झाकण उघडलं आणि सगळी बाटली आत ओतली. आता त्याचा काही उपयोग नाही हे त्याला कळत होतं, पण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. किक खाली जाईना. पायाने, हाताने, छातीने जोर लावूनही जाईना.

“राहू दे की,” इस्मेनिया म्हणाली. “माणूससुद्धा थकतं, ती तर मशीन.”

“माझ्यामुळे झालं हे. ऑइल घालायचं राहिलं.”

“तू माझ्याकडे धावलास म्हणून राहिलं. मग माझ्यामुळे झालं म्हण.”

“असं काहीतरी बोलू नकोस, म्हातारे.”

अंधार पडायच्या सुमाराला एका मळेवाल्याची रिकामी पिकअप आली. त्याने दोघांना आणि गाडीला वर घेतलं.

तिबेरिओने इंजिन उघडून आत बोट फिरवलं. तो रागावला नाही, तेव्हाच आर्सेसियोने ओळखलं.

“सिलिंडर आतून पार खरवडलाय. आधीच सगळ्यात मोठ्या, शेवटच्या मापाचा पिस्टन बसवलेला होता. याच्यापुढचं माप निघतच नाही. कंपनीने हे मॉडेल कधीच बंद केलं. भंगारात शोधतो मी, पण…”

“शोध.”

“शोधतो.”

पहिले काही गुरुवार शेजाऱ्यांनी निभावले. कधी याची मोटारसायकल, कधी त्याची. मग कॉफीची तोडणी सुरू झाली आणि ज्याची त्याची गाडी पोती वाहायला लागली. कुणाला दोष द्यावा? नर्स म्हणाली, गार्सोनमध्येच खोली घ्या. इस्मेनिया म्हणाली, “आणि खायचं काय? भिंती?” आर्सेसियो आता पेटी खांद्यावर घेऊन जवळच्या वस्त्यांवर पायी जाई. लांबच्या म्हाताऱ्यांच्या दाढ्या तशाच वाढत राहिल्या. मंगळवार आणि शनिवार जीपने होत. गुरुवार राहून जाई.

अशाच एका गुरुवारी दुपारी इस्मेनिया उंबऱ्यावर बसली होती. खाली मळ्यांतून तोडणीवाल्यांच्या आरोळ्या ऐकू येत होत्या. आर्सेसियोने तिला गुळाचं गरम पाणी दिलं, घोटभरच, त्याहून जास्त तिला चालत नसे. मग तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि तिचा पाय मांडीवर घेऊन मोजा खाली सारला. घोट्यावर अंगठा दाबून बघायला नर्सने सांगितलं होतं. खळगा लगेच भरला तर ठीक, तसाच राहिला तर अंगात पाणी साठलं समजायचं.

त्याने अंगठा दाबला आणि उचलला.

इस्मेनिया समोरच्या डोंगराकडे बघत होती. “भरला का रे खळगा?”

त्याने बराच वेळ वाट पाहिली.

“भरला,” तो म्हणाला, आणि मोजा हळूच वर ओढून घेतला.