दोनच्या वर आकडा नाही

"आजी, दोनच्या वर आकडा नाही."

"असं कसं? या पिल्लाला तर मला सतरा द्यावेसे वाटतायत."

"शून्य, एक नाहीतर दोन. बस्स."

माझी नात जनावरांची डॉक्टर आहे आणि मी जन्माची वाढवून सांगणारी. घरी चार पाहुणे आले तर दुसऱ्या दिवशी गल्लीत मी चाळीस सांगते. आमच्याकडे एक बोका होता, तो दुधाला पाच मिनिटं उशीर झाला की भिंतीवरच्या घड्याळाकडे पंजा दाखवायचा. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता मलाही तो पंजा दिसतो. अशा बाईला मोजमापाच्या कामाला बसवणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला ठेवणं. पण नातीचा इलाज नव्हता. तिच्याबरोबर काम करणाऱ्या डॉक्टरला गालगुंड झालं. पिल्लांचे गाल फुगलेत का हे बघायला निघालेला माणूस स्वतःचेच गाल फुगवून घरी बसला.

काम काय ते सांगते. डुकरांचा फार्म. नर पिल्लं चार-पाच दिवसांची झाली की त्यांना खच्ची करतात, नाहीतर पुढे मारामाऱ्या करतात आणि मांसालाही उग्र वास येतो म्हणे. आजवर हे काम नुसतं धरलं आणि कापलं, असं चालायचं. नातीचं म्हणणं, त्याआधी दुखणं कमी करायचं इंजेक्शन द्या. मालकाचं म्हणणं, "डॉक्टर, उचललं तरी ती ओरडतात, आईपासून लांब केली तरी ओरडतात. ओरडणं हा डुकराचा धर्मच आहे. त्यात दुखण्याचं काय?"

शेवटी मालक म्हणाले, "आकडे दाखवा. फरक दिसला तर पुढच्या प्रत्येक पिल्लाला औषध. नाही दिसला तर हा विषय माझ्यापुढे परत काढायचा नाही."

त्या दिवसापासून पोरीची झोप उडाली. वर्षाला शेकडो पिल्लं होतात तिथे. मी हजारो म्हणणार होते, पण या गोष्टीत मी वाढवणार नाही असं तिला कबूल केलंय.

बारा पिल्लं घ्यायची. औषधांच्या दुकानदाराने बारा सुया भरून, नंबर घालून दिल्या. सहांत औषध, सहांत नुसतं मिठाचं पाणी. कशात काय, ते एका बंद पाकिटात. नातीलाही माहीत नाही, मलाही नाही.

"मिठाचं पाणी? अगं, त्या सहांनी काय पाप केलंय?" मी विचारलं.

"आजी, आजवर कुणालाच काही मिळत नव्हतं. ही सहा शेवटची असावीत म्हणून तर हा खटाटोप. आणि पाकीट फुटलं की त्यांनाही लगेच औषध."

बघणारे दोघं लागतात. एक मी. दुसरे फार्मवरचे जुने कामगार, त्यांना सगळे ठीकराव म्हणतात. का, तर जगात काहीही झालं तरी ते "ठीक आहे" म्हणतात. जेवलात का? ठीक आहे. छप्पर उडालं! ठीक आहे. त्याच आठवड्यात कप्प्याचं लोखंडी फाटक त्यांच्या पायावर पडलं होतं, तेव्हाही त्यांनी ते उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, ठीक आहे.

पहिल्या दिवशी नुसता सराव, दुसऱ्याच पिल्लांवर. आम्ही दोघांनी वेगवेगळं बसून आपापले कागद भरले. नातीने ते शेजारी शेजारी ठेवले आणि डोक्याला हात लावला.

"दोन्हीकडे तीच पिल्लं आहेत ना? आजीच्या कागदावरचं पिल्लू शेवटच्या घटका मोजतंय आणि काकांच्या कागदावरचं लग्नाला निघालंय!"

मी सगळीकडे दोन दिले होते. ठीकरावांनी सगळीकडे शून्य.

"डॉक्टरबाई, पिल्लू ठीक आहे," ठीकराव म्हणाले.

"तेच तर चुकतंय. किती दुखतंय ते तुम्ही दोघांनी ठरवायचंच नाही. नुसतं बघायचं." तिने नवे तक्ते काढले. कान मागे गेलेत का? डोळे बारीक केलेत का? गाल ताणलेत का? अंग थरथरतंय का? मागचा भाग जमिनीला घासतंय का? बाकीच्यांपासून बाजूला जाऊन बसलंय का? दिसलं नाही तर शून्य, थोडं दिसलं तर एक, स्पष्ट दिसलं तर दोन.

"म्हणजे माझं मत नकोच?" मी म्हटलं.

"तुझे डोळे हवेत. तोंड घरी ठेवून ये."

अशी नात कुणाला मिळू नये. तरी मी गेले.

आणखी एक गंमत कळली. आम्ही कप्प्यापाशी उभे राहिलो की पिल्लं एकदम शहाणी होऊन गप्प बसायची. माणूस गेला की मग अंग चोरायची, थरथरायची. म्हणून आम्हाला पलीकडे खाद्याच्या खोलीत बसवलं. तिथे भिंतीला एक झरोका, त्याला पोतं लावलेलं, पोत्याला दोन भोकं. एकातून मी, दुसऱ्यातून ठीकराव, मधे एक पत्रा उभा, एकमेकांचा कागद दिसू नये म्हणून. कोंड्याचा असा वास की माझ्या केसांतून अजून गेला नाही.

मग खरा दिवस उजाडला. पिल्लांच्या पाठीवर निळे आकडे. चार नंबरचं पिल्लू तर हात लागायच्या आधीपासून किंचाळत होतं. उचलताना किंचाळलं, सुई टोचताना किंचाळलं, कापताना किंचाळलं, खाली ठेवल्यावर आईच्या पोटाशी जाईपर्यंत किंचाळलं. मी त्याचं नाव ठेवलं भोंगा. नऊ नंबरने मात्र जेमतेम एकदा कुई केलं आणि कोपऱ्यात जाऊन डोळे अर्धे मिटून बसलं. तो मौनीबाबा.

मला लगेच सगळं कळलं. भोंग्याला मिठाचं पाणी आणि मौनीबाबाला औषध. आंधळ्यालाही दिसलं असतं.

तासाभराने पहिली पाळी. मी भोकाला डोळा लावला. भोंगा आईला लुचत होता, कान पुढे, शेपूट मजेत. मौनीबाबा कोपऱ्यात, पाठ भिंतीकडे.

आता खरं सांगते. माझ्या मनात पाप आलं. भोंग्याला मिठाचं पाणी असेल तर त्याचे आकडे मोठे आले पाहिजेत ना? तरच नातीचा फरक दिसेल, मालक हरेल, पोरगी सुखाने झोपेल. मी आयुष्यभर फुकट वाढवलं, एकदा कामासाठी वाढवलं तर काय बिघडलं? पेन्सिल उचलली आणि भोंग्याच्या रकान्यात पुटपुटतच दोन लिहायला लागले. "डोळे बारीक... दोन. थरथर... दोन..."

पत्र्यापलीकडून आवाज आला.

"मावशी, जे दिसतं ते."

ठीकराव! दिवसभरात तोंड उघडलं नव्हतं आणि उघडलं ते माझी चोरी धरायला.

"तुम्हाला काय माहीत मी काय लिहितेय ते?"

"तुम्ही मोठ्याने लिहिता."

मी खोडरबर घेतलं. भोंग्याला शून्य, शून्य, एक. मौनीबाबाला लिहायची वेळ आली. मला तर तो समाधी लावून बसलेला वाटत होता. पण जे दिसतं ते. कान मागे, दोन. डोळे बारीक, दोन. बाजूला बसलंय, दोन. मधूनच अंगावरून शहारा जात होता. एक. मी माझ्या हाताने नातीला बुडवतेय असं वाटत होतं.

संध्याकाळी दुसरी पाळी, दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरी. मी तोंडावर पदर धरून लिहिलं.

मग मालक आले, तेही कप्प्यापाशी. "बघा की! सगळी शांत. कुठे काय दुखतंय? फार तर हा चार नंबरवाला. काल ऑफिसात ऐकू येत होता. त्याला मिठाचं पाणी असणार, पैज लावतो."

म्हणजे मालकालाही तेच वाटत होतं, आणि माझ्या कागदावर नेमकं उलटं.

खाद्याच्या खोलीतच पाकीट फुटलं. नातीने चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली.

"चार नंबर, औषध."

"काय?" मी आणि मालक एकदमच बोललो.

"नऊ नंबर, मिठाचं पाणी."

भोंगा भीतीने ओरडत होता. त्याला उचललेलं आवडत नव्हतं, एवढंच. खाली ठेवल्यावर त्याचं काम संपलं. आणि तो मौनीबाबा, ज्याला मी समाधीत समजले, तो दुखणं गिळून बसला होता. मी भोंग्याला वाढवून दिलं असतं तर औषधवाल्यांचेच आकडे फुगले असते आणि नातीचा फरक माझ्या हाताने पुसला गेला असता. माझ्या प्रेमाने पोरीचा पार निकाल लावला असता.

नातीने आधी सुई भरली. "आकडे पळून जात नाहीत," म्हणाली, आणि मिठाच्या पाण्याच्या सहांना औषध देऊन आली. ती नुसती शेजारून गेली तरी भोंगा किंचाळला.

मग बेरीज. माझ्या कागदावर औषधवाल्यांचे मिळून एकतीस, मिठाच्या पाण्याचे अठ्ठ्याऐंशी. ठीकरावांचे एकोणतीस आणि पंच्याऐंशी.

मालकांनी दोन्ही कागद उलटेपालटे केले. "तुम्ही दोघं एकमेकांचं बघून तर नाही ना लिहिलंत?"

"मधे पत्रा होता," मी म्हटलं. "आणि आम्ही दोघं कशावरही एकमत होणारी माणसं दिसतो का तुम्हाला?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, ठीकरावांकडे पाहिलं. नातीने त्यांना माझ्या स्टुलावर बसवलं आणि भोकातून बघायला लावलं. बराच वेळ ते बसले. पलीकडे औषध चढत होतं. अर्ध्या-पाऊण तासाने मौनीबाबा कोपऱ्यातून उठला, हळूहळू गेला आणि भावंडांना ढुशी मारून आईला लुचायला लागला.

मालक पोत्यातून डोळा न काढताच म्हणाले, "पुढच्या खेपेपासून सगळ्यांना. आणि डॉक्टर, हे भोक बुजवू नका. मी मधूनमधून येऊन बसेन."

नातीने मला मिठी मारली. "आजी, पहिल्यांदा तू काहीच वाढवलं नाहीस!"

मी पत्र्याकडे पाहिलं. ठीकराव खोडरबराबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. त्या माणसाचं मौन सोन्याचं आहे. पण मौन म्हटल्यावर माझं डोकं चाललं. मी त्यांच्याकडे नीट बघायला लागले. बाकी सगळे चहाला बाहेर निघाले आणि हे एकटे पोत्यांच्या कोपऱ्यात. डोळे बारीक. गाल ताणलेले. डावा पाय जमिनीला नुसता टेकवलेला.

मी कोरा तक्ता ओढला.

"मावशी, काय लिहिताय?"

"जे दिसतं ते, ठीकराव. बूट काढा."

"ठीक आहे हो..."

"चिमणे!" मी नातीला हाक मारली. "इकडे एक मौनीबाबा आणखी आहे."

बूट निघता निघेना. शेवटी निघाला तेव्हा नात वाकून अंगठा बघायला लागली. "काका! फाटक पडल्याला चार दिवस झाले ना? अहो, मी जनावरांची डॉक्टर, पण एवढं मलाही कळतं. चला, गाडीत बसा, आधी माणसांच्या डॉक्टरकडे."

"दुखतंय का?" मी विचारलं.

ठीकराव अगदी हळू म्हणाले, "थोडं."

या माणसाच्या तोंडून "थोडं" म्हणजे माझ्या तोंडून सतराशे. मी तक्त्यावर दोन लिहिले.

अंगठा केवढा सुजला होता? गल्लीत विचाराल तर मी कलिंगडाएवढा सांगते. पण कागद घरी आहे, त्यावर दोनच लिहिलेत.