मशीन बंद कर, मीटिंग आहे

आमच्या ह्यांना कंपनीनं सवलत दिली: सोयीच्या वेळी, सोयीच्या जागेवरून काम करा. हे इतके खूश झाले की पहिल्याच दिवशी त्यांनी माझं कापड बेतायचं टेबल बळकावलं. "खिडकीपाशी उजेड छान येतो गं," म्हणाले. येतो ना. म्हणूनच मी ते तिथं ठेवलंय.

मी शिवणकाम करते. पूर्वी हे ऑफिसला गेले की घर माझं असायचं. मी खडखड मशीन चालवायचे, भूक लागली की जेवायचे, कंटाळा आला की पाय पसरून पडायचे. मला माझं काम मनापासून आवडायचं. आता मशीनला हात लावला की समोरून हुकूम येतो, "अगं, बंद कर, मीटिंग आहे." मीटिंग संपली की चहा. चहा झाला की दुसरी मीटिंग. मधल्या वेळात हे मला स्कर्टच्या चुण्या कशा घालाव्यात ते शिकवतात. स्वतःच्या शर्टाचं तुटलेलं बटण ह्यांनी आजवर लावलेलं नाही.

त्यात शाळेच्या गणवेशाची ऑर्डर मिळाली होती. एवढं मोठं काम पहिल्यांदाच आलं होतं. मुख्याध्यापिका बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "सोमवारी सगळे स्कर्ट हवेत. नाहीतर पुढच्या वेळी दुसरीकडे देईन."

शुक्रवारी निम्मे स्कर्ट बाकी, आणि ह्यांच्या सकाळपासून मीटिंगा.

"अहो, आतल्या खोलीत बसा ना."

"तिथं मागे कपाट दिसतं गं. बरं नाही वाटत."

कपाट दिसतं म्हणून माझी ऑर्डर जाणार. तळपायाची आग मस्तकात गेली, तरी सुईदोरा घेऊन जमिनीवर बसले आणि हुक लावायला घेतले. तेवढ्यात लॅपटॉपमधून साहेबांचा आवाज आला, "काय, नवी पद्धत कशी वाटते? समाधानी आहात ना?"

"एकदम, सर. घरच्यांनाही काही त्रास नाही."

मी उठले, मशीनवर बसले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ टीप मारली.

"हा कसला आवाज?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही सर, शेजारी जरा..."

"शेजारी नाही," मी बसल्या जागेवरून म्हटलं. "मी ह्यांची बायको. माझंही ऑफिस ह्याच खोलीत आहे, ह्यांच्या आधीपासून."

मग साहेब जरा हळू आवाजात म्हणाले, "आणि वहिनी, तुम्ही समाधानी आहात का?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

"होते," मी म्हटलं. "तुम्ही ह्यांना घरी बसवेपर्यंत."

ह्यांनी लॅपटॉप उचलला, वायर फरपटत आत नेली आणि कपाटासमोर बसले. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "दार लावून घेऊ का?"

"घ्या," मी म्हटलं.

टेबलावर त्यांचा चहाचा कप तसाच होता. तो नुसता बाजूला सरकवला आणि उजेडात पुढचा स्कर्ट पसरला.