हसता हसता फुंकलेला गोळा

मित्रांनो, मी एक जुना काचेचा गोळा आहे. तोही एका अंगाला चेपलेला. मेक्सिकोतल्या आमच्या डोंगरगावात नाताळच्या झाडाचे गोळे घरोघरी फुंकतात. गोल असतील ते बाजारात जातात, वाकडे घरात राहतात. फेर्मीन मला फुंकत होता तेव्हा त्याच्या मांडीवर मांजर चढलं. त्याला हसू फुटलं आणि मी असा झालो.

"यात माझं हसू आहे बघ," तो बायकोला, ओदिलियाला म्हणाला. तो त्याचा शेवटचा नाताळ.

पुढची नऊ वर्षं मी पेटीत, कापसात गुंडाळलेला. दर डिसेंबरात बाहेर धावपळ ऐकू येई. "खाली उतर, मेल्या!" कोण चढलंय? कशावर? झाड केवढं असेल? जीव नुसता टांगणीला लागे. मला टांगत मात्र कुणी नसे.

यंदा मुलगी रेमेदियोस हिने पेटी उघडली.

"ठेव तो आधी! मांजरं फोडतील. ह्यांच्या हातचा एवढा एकच उरलाय."

"आई, बाबांनी काय पेटीसाठी फुंकला होता हा?"

मग ओदिलियानेच मला उचललं. मांजरांना संत्र्याचा वास सोसत नाही, म्हणून खालच्या फांद्यांना साली बांधल्या आणि मला शेंड्याजवळ लावलं.

काळा बोका तिसोन आला. सालींना नाक मुरडून गेला, तो थेट झाडाशेजारच्या कपाटावर. कपाटाचा विचार कुणी केलाच नव्हता!

दोन हिरवे डोळे माझ्याजवळ आले. त्यांत मी स्वतःला पहिल्यांदा पाहिलं. खरंच की, वाकडा! तेवढ्यात पंजा बसला, दोरा सुटला.

"आई, गेला गं!"

झाडाखाली येशूजन्माचा गोठा मांडला होता. बाळाला चोवीस तारखेला निजवायचं, तोवर पेंढ्यातली जागा रिकामी ठेवायची. रिकामी कसली! तिथे कानेला मांजरी उताणी पसरली होती. मी तिच्या मऊ पोटावर पडलो. तिने एक डोळा उघडला, मला कुशीत ओढलं आणि पुन्हा मिटला.

ओदिलिया मटकन खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईतो हसली. "तुमचं मांजरवेड काही जायचं नाही हो!" असं मला म्हणाली. मला कसलं, फेर्मीनलाच.

मित्रांनो, तुमच्याकडेही कुणी कापसात पडून असेल, तर त्याला बाहेर काढा. गाठ दोनदा मारा. आणि हो, कपाट तेवढं लांब सरकवा.