मंगळवारचा बॅकअप

ताईला संशय यायला फार काही लागत नसे. कुणी जास्त गोड बोललं की संशय, कुणी गप्प बसलं की दुप्पट संशय. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात तिला सगळे ताईच म्हणायचे, अगदी तिच्याहून मोठेसुद्धा. आणि तिच्या या स्वभावावर मागून हसायचेही. पण खरं सांगू का, सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाचा स्वभाव असाच असावा. भोळ्या माणसानं या धंद्यात पडूच नये.

त्या शुक्रवारी ती सकाळी आली तर पुटपुट्या तिच्या आधी हजर. इथेच तिचं कपाळ आठ्यांनी भरलं. पुटपुट्या म्हणजे विभागातला बॅकअप सांभाळणारा. कधी मान वर करून बोलायचा नाही, जे काय बोलायचं ते कीबोर्डला सांगायचा, म्हणून हे नाव. उशिरा येण्याबद्दल दर आठवड्याला बोलणी खाणारा हा बाबा आज लवकर येऊन बसतो म्हणजे काय?

"दारांचं मशीन झोपलंय," तो पुटपुटला. "कालच्या अपडेटनं घाण केली."

हॉस्पिटलची सगळी दारं कार्डानं उघडायची. कुणाचं कार्ड कुठल्या दाराला चालतं, हे ठरवणारं मशीन म्हणजे काही वेगळा लोखंडी डबा नव्हता. मानलेला भाऊ असतो ना, तसं ते मानलेलं मशीन. मोठ्या सर्व्हरच्या पोटात राहायचं, रोज रात्री त्याची एक नक्कल काढून ठेवली जायची. बिघडलं की चांगली नक्कल निवडायची आणि त्यावरून ते पुन्हा उभं करायचं. सोपं वाटतं. पण उभं करताना स्क्रीन चार प्रश्न विचारते, आणि त्या प्रश्नांची उत्तरं देताना भल्याभल्यांची तारांबळ उडते.

पुटपुट्याची मात्र अजिबात उडाली नव्हती. त्यानं सगळं भरून ठेवलं होतं. कुठली नक्कल? मंगळवारची. कुठे उभी करायची? जुन्याच्याच जागी, जुनं पुसून. नेटवर्क जोडायचं? हो. लगेच सुरू करायचं? हो. माउस 'पुढे' या बटणावर टेकलेला.

"हात काढ," ताई म्हणाली.

"अहो ताई, दारांवर वॉचमन बसवलेत, चेहरे बघून आत सोडतायत. मोठ्या डॉक्टरीणबाईंचे तीनदा फोन झाले."

"होऊ देत. मंगळवार का? बुधवारचा बॅकअप काय उपाशी आहे?"

"बुधवारच्यात खोट असेल तर? मंगळवारचा खात्रीचा."

"अपडेट काल गुरुवारी झालं, आणि खोट बुधवारी शिरली होय?"

पुटपुट्यानं मोबाइल उचलून टेबलावर पालथा घातला. ताईनं ते पाहिलं. त्याचे कान लाल झाले, तेही पाहिलं.

आता हे बुधवारचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. ताईची सख्खी धाकटी बहीण याच हॉस्पिटलात, मुलांच्या वॉर्डात नर्स होती. तिचा नवरा इथेच एक्स-रे काढायचा. आवारातल्या क्वार्टर्समध्ये दोघं राहायची. दिसायला राजबिंडा, चारचौघांत असा लाघवी की सासू-सासऱ्यांनी ओवाळावं. घरात मात्र हात उचलायचा. धाकटी बरेच दिवस दाराला आपटले, जिन्यात पडले असं सांगत राहिली. बुधवारी सकाळी त्यानं तिचं मनगट असं पिरगाळलं की हाड मोडलं, आणि शेजारच्या मेट्रनबाईंनी सगळं कानांनी ऐकलं. कामावरून त्याला तिथल्या तिथे बाजूला केलं. त्याचं कार्ड बंद करायचा हुकूम आला, तेव्हा ताईनं ते स्वतःच्या हातानं बंद केलं. इतक्या समाधानानं तिनं आजवर एकही बटण दाबलं नव्हतं. तो आपल्या भावाकडे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायला गेला.

आणि आता हा पुटपुट्या मंगळवारचा बॅकअप मागत होता. मंगळवारी तर ते कार्ड चालू होतं!

ताईच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं. कँटीनमध्ये पुटपुट्या आणि एक्स-रेवाला एकाच टेबलावर बसायचे. एकमेकांच्या गाड्या वापरायचे. मशीन परत मंगळवारवर गेलं की मधल्या दिवसांतले बदल कुणीतरी हातानं पुन्हा भरणार. त्यात एक बदल भरायचा राहून गेला, तर कोण बघतंय? कुणाचं नाव नाही, कुणाची सही नाही. नजरचुकीनं राहिलं म्हणायचं, झालं. वा रे वा!

पण नुसत्या संशयावर माणसाचं नरडं धरायचं नाही, एवढी तिला अक्कल होती. तिनं त्याला खुर्चीवरून उठवलं आणि सगळी उत्तरं बदलली. नक्कल मंगळवारचीच घेतली, पण उभी केली शेजारी, वेगळ्या नावानं. बिघडलेलं जुनं मशीन आहे तिथेच राहू दिलं. नेटवर्कची खूण काढून टाकली, म्हणजे ही नक्कल जागी झाली तरी एकाही दाराशी बोलू शकणार नव्हती.

"उगाच वेळ घालवताय," पुटपुट्या म्हणाला.

"माझा वेळ आहे. तू उभा राहा."

नक्कल जागी झाली. ताईनं एक्स-रेवाल्याचं नाव शोधलं. कार्ड चालू. मुख्य दार चालू, क्वार्टर्सचं दार चालू. तिनं स्क्रीन त्याच्याकडे फिरवली.

"किती दिवसांपासून ठरलंय हे? माझ्या बहिणीचा दुसरा हात मोडायला त्याला आत सोडणार होतास? लाज नाही वाटली? तुला घरी आईबहीण आहे की नाही?"

पुटपुट्यानं पहिल्यांदाच मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं. हा रडूही शकतो, हे ताईला माहीत नव्हतं. तरी तिचा विश्वास बसेना. सोंगं करणारे काय कमी असतात?

"त्यानं नाही सांगितलं," तो म्हणाला. "तुमची धाकटी आली होती. काल संध्याकाळी, मशीन पडल्याचं कळल्यावर."

"खोटं बोलू नकोस."

त्यानं पालथा मोबाइल सुलटा करून पुढे केला. धाकटीचाच नंबर. 'झालं का?' असं सकाळपासून दोनदा विचारलेलं.

"म्हणाली, ताईला विचारायचं तोंड नाही मला. ती जिवंत सोडायची नाही. रडत होती हो. मी नको म्हणालो आधी. मग नाही म्हणवेना."

ताई खुर्चीत बसली. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला, मोठ्या डॉक्टरीणबाईंचा. होतंय की नाही? होतंय, ताई म्हणाली.

आता चार उत्तरं तिलाच द्यायची होती. एकदा वाटलं, धाकटीला फोन करावा, विचारावं, बये तुझ्या मनात आहे तरी काय? पण विचारून काय होणार? ती रडेल, आणि आपण विरघळू. नाही, या बाबतीत ऐकायचंच नाही. तिला कळत नाही, मला कळतं. बुधवार. जुन्याच्या जागी. नेटवर्क जोडा. लगेच सुरू करा. तिनं दातओठ खाऊन बटण दाबलं.

दुपारपर्यंत सगळी दारं बोलायला लागली. वॉचमन उठून आपापल्या जागी गेले. ताई मात्र जेवायला न जाता क्वार्टर्सपाशी, गाड्या लावायच्या शेडमध्ये जाऊन उभी राहिली. येणार, तो येणारच. आणि आलाच की! इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा. त्यानं दाराला कार्ड लावलं. लाल दिवा. पुन्हा लावलं. लाल. ताईला असा आनंद झाला म्हणून सांगू! घे, लाव अजून. दिवसभर लावत बस.

त्यानं फोन काढून कानाला लावला. "उघडत नाहीये गं," एवढंच म्हणाला आणि वाट बघत राहिला.

थोड्या वेळानं दार आतूनच उघडलं. बाहेर पडायला कार्ड लागत नाही, आतल्या भिंतीवर नुसतं बटण असतं. आग लागली तर माणसांना पळता यावं म्हणून. धाकटी बाहेर आली. एक हात प्लॅस्टरमध्ये, दुसऱ्या हातात कपड्यांची बॅग.

ताई शेडमधून धावत सुटली. "कुठे निघालीस? वेडी आहेस का तू?"

धाकटी दचकली, पण थांबली. एक्स-रेवाला बॅग घेऊन गाडीकडे गेला, अगदी अदबीनं, "ताई, नमस्कार" म्हणत.

"त्याच्या भावाकडे," धाकटी हळूच म्हणाली.

"मी त्याला आत येऊ दिलं नाही ते कुणासाठी?"

"ते कळतंय गं मला. पण मला राहायचंय त्याच्याबरोबर, ते नाही सुटत. म्हणून पुटपुट्याला म्हटलं होतं, इथे राहू दे त्याला. इथे भिंतीपलीकडे मेट्रनबाई आहेत. हाक मारली तर माणसं येतात. तू आहेस." तिनं गाडीकडे पाहिलं. "तिथे कोण आहे, ताई?"

ताईनं धाकटीचा दंड धरला. धाकटीनं तो हळूच सोडवला आणि जाऊन गाडीवर मागे बसली.

"माझं ऐक! मी आत्ता चालू करते त्याचं कार्ड!" ताई ओरडली. "आत्ता करते! दोन मिनिटं थांब!"

गाडी फाटकाबाहेर गेली होती. ताई क्वार्टर्सच्या पायरीवर बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता हमसून हमसून रडली.