बाबांचा निकाल

एकोणीस वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीचं पत्र आलं होतं आणि आपण त्याला उत्तर दिलं नव्हतं, हे त्याला पुन्हा आठवलं ते भरवर्गात, उभं राहून तोंड उघडल्यावर.

"बोला ना काका," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या घरचा निकाल काय?"

वर्ग कायद्याच्या पहिल्या वर्षाचा. साठेक मुलंमुली, आणि तिसऱ्या बाकाच्या कडेला हा, त्रेसष्ट वर्षांचा निवृत्त मुद्रितशोधक. त्या दिवशीचा गृहपाठ गमतीचा होता. पूर्वनिर्णय म्हणजे काय ते पुस्तकापेक्षा घरात लवकर कळतं, असं मॅडमचं म्हणणं. घरातल्या मोठ्या माणसानं एकदा दिलेला आणि मग सगळ्यांच्या मानेवर बसलेला एखादा निकाल घेऊन या, असं त्यांनी सांगितलं होतं. मुलांनी हौसेनं आणले होते. एकाच्या ताईला शाळा संपेपर्यंत मोबाइल मिळाला नव्हता, म्हणून त्यालाही नाही. दुसऱ्याच्या आजोबांनी कधीकाळी कुत्र्याला नकार दिला होता, तेव्हापासून त्या घरात मांजर, पोपट, कासव, कशालाच प्रवेश नव्हता.

"कासव म्हणजे कुत्रा नव्हे, हा मुद्दा मांडलास का?" मॅडमनी विचारलं होतं.

"मांडला ना. अपील फेटाळलं."

"बाबावाक्यं प्रमाणम्!" मागून कुणीतरी ओरडलं आणि वर्ग खदखदून हसला होता.

त्यानंही एक हलकाफुलका निकाल लिहून आणला होता. जेवताना पुस्तक वाचायचं नाही, असा बाबांचा हुकूम. पण उभा राहिला आणि तोंडातून भलतंच निघालं.

"आमच्या वडिलांनी सांगितलं होतं, जो आपल्या पायांनी या घरातून गेला, त्याला इथे परत जागा नाही."

हसू विरून गेलं. त्याला वाटलं, खाली बसावं. नेहमी त्याला तेच वाटे.

खरं तर या वर्गात तो येऊन बसला हेच त्याला स्वतःला खरं वाटत नसे. बत्तीस वर्षं त्यानं न्यायालयांच्या निकालांचे खंड छापणाऱ्या छापखान्यात मुद्रितं तपासली. पहिल्याच दिवशी तिथल्या मुख्य शोधकानं त्याला बजावलं होतं, "वाचायचं नाही हं, तपासायचं. वाचायला लागलास की गुंतलास, आणि गुंतलास की चुका सुटल्या." म्हणून त्यानं शेवटच्या ओळीपासून वर वाचत जायची सवय लावून घेतली. उलटं वाचलं की अर्थ आडवा येत नाही, नुसते शब्द राहतात. असे हजारो निकाल त्याच्या डोळ्यांखालून गेले, पण कोण जिंकलं आणि का जिंकलं हे त्याला एकाही खटल्यात सांगता आलं नसतं. निवृत्त झाल्यावर मनात आलं, मरायच्या आधी एक तरी निकाल वरून खाली वाचून बघावा. एवढ्यासाठी कुणी कॉलेजात जातं का, असं स्वतःलाच विचारत त्यानं अर्ज नेला. खिडकीतली बाई म्हणाली, "मुलाचा का मुलीचा?"

"माझा."

"बसा," ती म्हणाली. "पाणी घ्या आधी."

पहिले महिने जड गेले. दोन जिने चढून जाईपर्यंत हजेरी होऊन गेलेली असे. मुलं ऐकता ऐकता टिपणं काढत, हा प्रत्येक शब्द उतरवून घेई आणि तळटिपेत काय आहे तेही विचारी. आठवड्याच्या आत त्याचं 'तळटीपकाका' असं बारसं झालं. पहिल्या चाचणीत एका निकालाचं सार लिहायचं होतं. यानं अख्खा निकाल तीन पानं भरून, स्वल्पविरामासकट, पाठ म्हटल्यासारखा उतरवून काढला. वीसपैकी चार गुण मिळाले, आणि खाली मॅडमचा शेरा होता : 'मजकूर निर्दोष. निर्णयाचं कारण कुठे आहे?'

शेजारी बसणारी मुलगी सकाळी औषधांच्या दुकानात काम करून येई. वर्ग तिला औषधवाली म्हणे. तिनं तो पेपर बघितला आणि कपाळावर हात मारला.

"काका, निकालातलं सगळंच बंधनकारक नसतं हो. न्यायाधीश झाले तरी माणसंच ती, बोलता बोलता चार शब्द जास्तीचे बोलतात. ज्या कारणावाचून निकाल उभाच राहिला नसता, तेवढं कारण उचलायचं. औषध गोळीत असतं, बाकी सगळं पाकीट."

"आणि मला पाकीटच पाठ," तो म्हणाला.

"तुम्हाला पाकिटावरची बारीक अक्षरंसुद्धा पाठ!"

आता तीच औषधवाली मान वर करून त्याच्याकडे बघत होती.

"निकाल हवेत लटकत नसतो काका," मॅडम म्हणाल्या. "वस्तुस्थिती सांगा. कुणाला म्हणाले वडील हे?"

"थोरल्या भावाला." सुरुवात केली होती, आता सांगणं भाग होतं. "आई आठ महिने अंथरुणाला खिळून होती. भाऊ आठ दिवसांत येतो म्हणून गेला तो आलाच नाही. ती गेली तेव्हाही आला नाही. दीड वर्षानं बॅग घेऊन दारात उभा राहिला. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून बसले होते. त्यांनी मानही वर केली नाही. तेवढं एक वाक्य बोलले. भाऊ उभ्याउभ्याच परत गेला."

"आणि हा निकाल पुढे कुणाला लागू झाला?"

"धाकट्या बहिणीला."

"तीपण आईला टाकून गेली होती?" कासववाल्यानं विचारलं.

"छे छे!" त्याचा आवाज एकदम चढला. इतक्या महिन्यांत त्या वर्गानं तो कधी ऐकला नव्हता. "तिनंच तर आईचं सगळं केलं. एकोणीस वर्षांची होती. कूस बदलायची, अंग पुसायचं, केस विंचरायचे. नर्स झाली ती त्यातूनच. ती लग्न करून गेली तेव्हा बाबांनी स्वतः तिची ट्रंक बसपर्यंत उचलून नेली. कमरेत उसण भरली त्यांच्या, पण हमालाला हात लावू दिला नाही."

औषधवाली उभीच राहिली. "मॅडम, मग हा निकाल तिला लागूच होत नाही! वडिलांनी नाकारलं ते 'गेला' म्हणून नाही, 'आजारी आईला टाकून गेला' म्हणून. कारण ते आहे. वाक्य कितीही मोठं असू दे, कारण तेवढंच. हिच्या बाबतीत तर ते स्वतः पोचवायला गेले होते!"

"शाबास. वस्तुस्थिती वेगळी, म्हणून पूर्वनिर्णय गैरलागू." मॅडमनी फळ्यावर दोन रकाने आखले. एकात भाऊ लिहिलं, दुसऱ्यात बहीण. "मग काका, बहिणीला वडिलांनी नकार कशाच्या आधारावर दिला?"

"वडील तोवर वारले होते. दोन वर्षं झाली होती."

"मग नकार दिला कोणी?"

खडू हातात धरून मॅडम उत्तराची वाट बघत होत्या. मुलंही बघत होती. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, गणित सोडवताना येते तशी उत्सुकता होती नुसती.

"मी," तो म्हणाला.

पहिल्या बाकाला ते ऐकू गेलं नसेल. मॅडमना गेलं. त्यांनी फळा पुसून टाकला आणि पुस्तकाकडे बघत म्हणाल्या, "चला, पुढचं कोण?"

तास संपल्यावर औषधवाली दोन पेले चहा घेऊन जिन्याच्या पायरीवर त्याच्याशेजारी येऊन बसली.

"माझ्या जिभेला हाड नाही, काका. उगाच वकिली करायला गेले."

"वकिली चांगली केलीस."

"काय होतं पत्रात?"

पत्र छोटंसं होतं. दादा, मी घर सोडलंय. हॉस्पिटलजवळ मैत्रिणीच्या खोलीत आहोत, पण तिच्याकडे किती दिवस राहणार. मुलीची शाळा सुरू होईपर्यंत दोन महिने मागच्या खोलीत येऊन राहू का? तुझ्या कामाचा खोळंबा नाही होऊ देणार. तू म्हणशील तसं. वाचताना त्यानं सवयीनं एका अशुद्ध शब्दाखाली पेन्सिलीची खूणही केली होती, ती आठवली की अजून त्याचे कान तापत.

ये म्हणावं, तर बाबांचं वाक्य आठवे. नको म्हणायला हात धजेना. आज लिहू, उद्या लिहू करता करता शाळाच सुरू झाली. मग आता काय लिहायचं, म्हणून राहिलं. पुढे एकोणीस वर्षं तो तिच्यासाठी झुरला. हे मात्र खरं. वाचनात डोकं खुपसून बसलेला असला की ती लहानपणी मागून येऊन पुस्तक मिटायची आणि म्हणायची, "दादा, वर बघ. जग आहे अजून." छापखान्याच्या खडखडाटातही त्याला ते ऐकू येई आणि तो खरोखर वर बघे. आपण तरी काय करणार, आपण बाबांच्या शब्दानं बांधलेले, असं म्हणून तो पुन्हा मान खाली घाली. त्या झुरण्यात एक प्रकारचा आधार होता. आज एका पोरीनं दोन मिनिटांत तो काढून घेतला. बांधलेलं कुणी नव्हतंच. त्याला भीती वाटली होती, एवढंच. घरात एक बाई आणि लहान मूल येणार, आवाज होणार, शेजारी विचारणार, आपल्या दिवसांची घडी विस्कटणार. आणि बाबांचं वाक्य हाताशी तयार होतं.

यातलं बरंचसं त्यानं तिला सांगितलं. सगळं नाही.

"फोन करा ना मग," औषधवाली म्हणाली. "नंबर नाही का?"

"मावशीकडे असेल. पण तिनं पत्र लिहिलं होतं."

"मग पत्र लिहा."

"काय लिहू? तिला आता खोली नकोय. मुलगी तिशीला आली असेल तिची."

"मला काय विचारता काका, मीपण पहिल्याच वर्षाला आहे."

मावशीनं फोनवर आधी त्याला ओळखलंच नाही. ओळखल्यावर म्हणाली, "आज कुणीकडे उगवलास रे? पत्ता ना? तोच. मैत्रीण गेली लग्न होऊन, ही त्याच खोलीत राहिली. पोरीला शिकवलं, आता एकटीच असते. हलायचं नाव नाही." जरा थांबून ती पुढे म्हणाली, "पहिली दोन वर्षं मला विचारायची. मावशी, दादाचं पत्र चुकून तुझ्या पत्त्यावर आलं का गं? मी म्हणायची, नाही गं बाई. मग विचारायची थांबली."

रविवारी सकाळी तो लिहायला बसला. दुपारपर्यंत सहा पानं झाली. त्यांत बाबांचा स्वभाव होता, भावाचं जाणं होतं, छापखान्यातल्या कामाचा रगाडा होता, आणि आपण लहानपणापासून कसे बुजरे, याचे तर तीन परिच्छेद होते. लिहून झाल्यावर शेवटच्या ओळीपासून वर त्यानं ती तपासली. चूक एकही सापडली नाही. मग चष्मा पुसला आणि पहिल्यांदाच वरून खाली वाचली. वाचता वाचता त्याला लाज वाटू लागली. तिनं एक प्रश्न विचारला होता, आणि सहा पानांत त्याचं उत्तर कुठेच नव्हतं.

त्यानं नवा कागद घेतला.

'धाकटे,
तुझं पत्र मला मिळालं होतं. वेळेवर मिळालं होतं. बाबांनी तुला कधीच मनाई केली नव्हती. मी केली, आणि तीही धड तोंडानं केली नाही. तू विचारलं होतंस, येऊ का. ये, असं लिहायला हवं होतं. तू दोन वर्षं पत्राची चौकशी करत होतीस, हे मला परवा कळलं. तुझी वाट बघतो असं लिहायचा मला हक्क नाही. पण बघतो.
दादा'

हे बरोबर झालं की नाही, त्याला ठरवता येईना. 'हक्क' शब्द जरा जड वाटला. तसाच ठेवला.

सोमवारी पोस्ट उघडायच्या आधीच तो दारात हजर होता. खिडकीतल्या कारकुनानं पाकीट काट्यावर टाकलं.

"साधं का रजिस्टर?"

तो खिशातले सुटे पैसे चाचपू लागला.

"रजिस्टर करा आजोबा. पोचपावती लावून देतो. सही घेतल्याशिवाय पोस्टमन सोडत नाही. मिळालं नाही म्हणायची सोय नाही मग समोरच्याला."

हे त्याला ठाऊक होतं. गेल्याच महिन्यात पोचपावतीवर एक तास झाला होता, तळटिपांसह टिपून घेतला होता त्यानं. त्याच्या डोळ्यांपुढे ती दारात आली. वय झालेली, केस बांधता बांधता बाहेर आलेली, पाठवणाऱ्याचं नाव वाचून थांबलेली. आणि समोर पोस्टमन पेन पुढे करून उभा, सही करा बाई लवकर.

"साधंच द्या."

"मग पोचलं का नाही, कसं कळणार तुम्हाला?"

"तिनं उत्तर दिलं तर कळेल."

"आणि नाही दिलं तर?"

"तर नाही."

कारकुनानं खांदे उडवले. तिकीट चिकटवलं, त्यावर दाणकन शिक्का मारला आणि पाकीट न बघताच मागच्या पोत्यात भिरकावलं. ते बाकीच्या पत्रांवर पालथं पडलं.

"अहो, सरकता का जरा?" मागची बाई म्हणाली, तेव्हा तो सरकला.