सुटलेली क्लिप

धाकटीला कामाला लावलं ते थोरलीनंच. कानाच्या यंत्रांच्या कारखान्यात तिचा शब्द चालायचा. बारीक जोडणीत तिचा हात धरणारं तिथं कुणी नव्हतं. "माझी जाऊ आहे, सांभाळून घ्या," असं ती तिथल्या सुपरवायझर मॅडमना जरा तोऱ्यातच म्हणाली.

शिकवलंही तिनंच. जावेच्या मनगटाला पट्टा बांधत तिनं विचारलं, "थंडीत स्वेटर काढताना चटचट वाजतं ना? वस्तू घासल्या की एकीवरचे इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात. एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी. तो भार अंगावर बसून राहतो आणि वाट मिळाली की उडी मारतो."

"दाराच्या कडीचा झटका बसतो, तोच?"

"तोच. आपल्याला नुसता चटका, पण ही चिप त्याहून कितीतरी कमी भारानं मरते, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून हा पट्टा. याच्या वायरीतून भार जमिनीत उतरतो."

धाकटी भराभर शिकली. तिची जोडणी मॅडम भिंगाखाली धरून बाकीच्यांना दाखवू लागल्या. घरी जेवताना थोरलीचा नवरा तिला हसत म्हणाला, "बघ हं, तुझ्या पुढं जाते की काय ही!" सासूबाई म्हणाल्या, "जाणारच. हात बघा कसा स्थिर आहे पोरीचा." थोरली अर्ध्या ताटावरून उठली.

मग हवा कोरडी पडली. दमट दिवसांत भार आपोआप थोडाफार ओसरतो, कोरड्यात अंगावर चिकटून बसतो. धाकटीची यंत्रं तपासणीतून परत येऊ लागली. एका सकाळी थोरलीचा चिमटा खाली पडला. उचलायला वाकली तर समोर धाकटीच्या पट्ट्याच्या वायरीची क्लिप, टेबलाखाली नुसतीच लोंबत होती. पट्टा मनगटावर, पण जमिनीशी संबंधच नाही.

थोरलीनं चिमटा उचलला आणि ती वर आली. दुपारी सांगू, असं तिनं ठरवलं. दुपारी मॅडम धाकटीला म्हणाल्या, "लक्ष कुठं असतं तुझं?" ते ऐकून थोरलीला इतकं गार वाटलं की सांगायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. आठवडाभर राहिलं.

शेवटी मॅडमनी धाकटीला कामावरून काढण्याची नोटीस दिली. त्या संध्याकाळी ती भाजी निवडत बसली होती. सासूबाई तिला म्हणाल्या, "सोड ते काम. थोरलीचा हात सगळ्यांना कुठून येणार?"

या एका वाक्यासाठी थोरली किती दिवस झुरली होती! आणि आता ते कानावर पडलं तर तिला तिथं उभं राहवेना.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी पोचली आणि धाकटीच्या टेबलाखाली शिरली. मागून आवाज आला, "जाऊबाई, काय शोधताय?"

"तुझी क्लिप सुटली होती. लावली."

"अय्या! म्हणजे माझ्या हाताचा दोष नव्हता? कधी दिसली तुम्हाला?"

थोरली टेबलाखालून बाहेर आली. आत्ताच, म्हणणं सोपं होतं.

"आठवडा झाला."

धाकटीला आधी समजलंच नाही. मग तिचा चेहरा उतरला. "माझे रोज वाभाडे निघत होते. तुम्ही बघत होतात?"

"हो. सगळे तुझंच कौतुक करायचे. पोटात दुखलं माझ्या."

धाकटी खुर्चीत बसली आणि तिनं पट्टा बांधला. थोरली मॅडमकडे गेली आणि सगळं सांगून आली. धाकटीची नोटीस रद्द झाली. नवीन मुलींना शिकवायचं काम थोरलीकडून काढून मॅडमनी धाकटीला दिलं.

घरी दोघींचं बोलणं मीठ-तिखटापुरतं उरलं. "काय बिनसलंय गं तुमचं?" असं सासूबाईंनी विचारलं, तेव्हा धाकटी एवढंच म्हणाली, "काही नाही, कामाचा ताण." थोरलीनं मान खाली घातली.

नंतर एकदा नवी मुलगी आली. धाकटीनं प्लॅस्टिकचा कंगवा केसांवर घासला आणि कागदाच्या कपट्यांवर धरला. कपटे टुणकन उडून कंगव्याला चिकटले. मुलगी खळखळून हसली, तिला सगळं चुटकीसरशी समजलं. आपल्याला हे कधी सुचलं नव्हतं, हे शेजारच्या टेबलावर बसलेल्या थोरलीला कबूल करावंच लागलं. पोटात पुन्हा दुखलं, अगदी तसंच. या वेळी मात्र ती गप्प राहिली नाही. "छान सांगतेस," ती म्हणाली.

धाकटीनं वळून पाहिलं. हसली नाही, पण मान हलवली.