सतराचा पाना

"सतराचा पाना कुठंय?"

इशिमारूच्या प्रश्नासरशी मासुओकानं अवजारांची पिशवी पुन्हा चाचपली. जपानमधल्या कुरुशिमाच्या झुलत्या पुलाच्या पोटाखाली, लोखंडी जाळीवर उभं राहून दोघं अवजारं मोजत होते. अकरा हवी होती, दहाच भरली; सतरा मिलिमीटरचा पाना नव्हता. पंचवीस वर्षं मासुओका या पुलाचे बोल्ट आवळत आला होता, पण त्याच्या हातून साधी चकती कधी निसटली नव्हती.

त्यानं जाळीतून खाली पाहिलं. पासष्ट मीटर खाली समुद्रात भोवरे गरगरत होते आणि त्यांतून मालवाहू जहाजं एकामागून एक सरकत होती. सकाळी तिथंच एका होडीत नवराबायको मासे धरत होते. बाईनं वर बघून हातही हलवला होता. आता होडी नव्हती.

"भरतीचा प्रवाह फिरला की ते घरी जातातच, मासुओकासान."

"आणि पाना तिच्या डोक्यात पडला असेल तर?"

"अहो, दोरीला बांधलेला असतो तो!"

"मग दोरी तरी कुठंय?"

 इशिमारूनं वॉकीटॉकीवरून वर्कशॉपला कळवलं. उत्तर येईपर्यंत मासुओका कठड्याला गच्च धरून उभा होता. 

"पाना इथंच आहे," पलीकडून आवाज आला. "दोरी बदलायला काल काढून ठेवलाय."

"बघा! उगाच माझा जीव घेतलात!" इशिमारू हसला.

मासुओका मात्र हसला नाही. "सकाळी मी त्याच्याकडे बोट दाखवून 'आहे' म्हणालो."

नियमच होता तसा. वर चढण्याआधी एकानं एकेका अवजाराकडे बोट दाखवून पुकारायचं आणि दुसऱ्यानं बघून तेच म्हणायचं.

"मीही म्हणालो की."

"तू बघत कुठं होतास?"

"तुमच्या बोटाकडे," इशिमारू ओशाळला. "तुम्ही कधी चुकता का?"

मासुओकाला मघापेक्षाही जास्त भीती वाटली. जिथं काही नव्हतं तिथं त्याला पाना दिसला होता, आणि तो म्हणाला म्हणून या पोरालाही दिसला होता.

"खाली गेल्यावर हे लिहून द्यायचं. आणि उद्यापासून मी वर येणार नाही."

"तीन महिने तर राहिलेत निवृत्तीला! कोणाला कळणार आहे?"

"आपल्या दोघांना कळलंय ना!"

वर्कशॉपमध्ये त्यानं सगळं लिहून सही केली. मग तो कमरेचा सुरक्षापट्टा सोडायला लागला. बक्कल काही केल्या निघेना. इशिमारू त्याच्यापुढं गुडघ्यांवर बसला आणि त्यानं पट्टा सोडवला.